नुकसान कोणाचं आणि ऐकलं कोणाचं जातं? आंतरराष्ट्रीय संबंधांतल्या उदारमतवादाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वास्तववाद वाचला की जग समजल्यासारखं वाटतं आणि उदारमतवाद वाचला की भाषण ऐकल्यासारखं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला, जागतिक व्यापार संघटनेचं अपिलीय मंडळ बंद पडलं. मग व्यापार, लोकशाही आणि संस्थांमुळे शांतता येते असं सांगणाऱ्या सिद्धान्ताचं उरलं काय? तो फक्त टिपा लिहिण्यापुरता वाचायचा का? आणि वाचायचाच तर कुठून सुरुवात करायची?

मी हा विषय बरीच वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठाम आहे. हा सिद्धान्त भाबडा नाही. आपल्याकडच्या नोट्समध्ये तो भाबडा करून छापला जातो. ‘व्यापार वाढला की युद्धं थांबतात’, ‘माणूस मुळात चांगला असतो’ ही वाक्यं पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याला युक्रेनचं युद्ध दिसलं की सिद्धान्त कोसळल्यासारखा वाटतो. पण गेल्या पन्नासेक वर्षांतला एकही गंभीर उदारमतवादी अभ्यासक ही वाक्यं या स्वरूपात बोलत नाही.

मग तो बोलतो काय? वास्तववादी अभ्यासक देशाला एक माणूस मानतो. त्या माणसाला सुरक्षितता हवी, ताकद हवी, शेजाऱ्याचा भरवसा नाही. उदारमतवादी विचारतो, की ‘भारताला हवं’, ‘जर्मनीला नको’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कोणाला हवं असतं आणि कोणाला नको असतं? देशात कारखानदार असतात, शेतकरी असतात, लष्कर असतं, मतदार असतात, आयातदार असतात. यांच्यातल्या ज्याचं म्हणणं सत्तेपर्यंत पोहोचतं, त्याची इच्छा पुढे ‘राष्ट्रहित’ म्हणून मांडली जाते. अँड्र्यू मोराव्हचिक यांनी 1997 साली या मांडणीला नीट शास्त्रीय रूप दिलं: आधी देशांतर्गत गटांच्या पसंती, मग त्यांतून ठरणारी राज्याची भूमिका आणि त्यानंतर राज्याराज्यांतला व्यवहार. ताकदीचा हिशेब मोराव्हचिकही करतात, फक्त तो पहिल्या पायरीवर करत नाहीत.

म्हणून कुठलंही प्रकरण हातात घेतलं की मी वर्गात दोन प्रश्न फळ्यावर लिहिते. भांडण पेटलं तर नुकसान कोणाचं, आणि त्या माणसाला निर्णय घेणाऱ्याला अडवता येतं का? आणि समोरच्याने शब्द पाळला की नाही, हे कळायला काही साधन आहे का? पहिला प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ कांटचा आहे, दुसरा अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कोहेन यांचा.

इमान्युएल कांटने 1795 साली शाश्वत शांततेवरचा निबंध लिहिला. तो वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. हा माणूस प्रवचन देत नाही, तहाचा मसुदा लिहितो आहे. आधी प्राथमिक कलमं, मग तीन मुख्य कलमं, शिवाय एक गुप्त कलमसुद्धा. मुख्य कलमं अशी: प्रत्येक देशाची राज्यघटना प्रजासत्ताक असावी, स्वतंत्र देशांचा संघ असावा, आणि परक्या माणसाला आपल्या भूमीवर शत्रू न समजता पाहुणा म्हणून येण्याचा हक्क असावा. पहिल्या कलमामागचा तर्क अगदी व्यवहारी आहे. युद्धाचा खर्च ज्यांच्या खिशातून आणि ज्यांच्या पोरांच्या जिवावर होणार, त्यांची संमती लागत असेल तर ते दहा वेळा विचार करतील. राजाला मात्र ती अडचण नसते, कारण युद्ध पुकारलं म्हणून त्याच्या मेजवान्या आणि शिकारी थांबत नाहीत. माणूस चांगला आहे असं इथे कुठेही गृहीत धरलेलं नाही. उलट कांट म्हणतो, की ही व्यवस्था सैतानांच्या समाजालाही जमवता येईल, फक्त त्या सैतानांना अक्कल हवी.

तिसऱ्या कलमात आपल्यासाठी फार मोलाचा मजकूर आहे आणि तो बहुतेक नोट्समध्ये गाळलेला असतो. पाहुणा म्हणून येण्याचा हक्क म्हणजे येऊन ठाण मांडण्याचा हक्क नव्हे, असं सांगताना कांट थेट हिंदुस्थानचं उदाहरण देतो. व्यापारी ठाणी उभारायची आहेत असं सांगून युरोपीय लोकांनी तिथे परकं सैन्य आणलं, तिथल्या राज्यांमध्ये लढाया लावून दिल्या, दुष्काळ आणि जुलूम पसरवला, असं तो लिहितो. चीन आणि जपानने या पाहुण्यांवर निर्बंध घातले ते शहाणपणाचं होतं, असंही म्हणतो. ज्या वर्षी कांटच्या गावी, कोनिग्सबर्गमध्ये, हे छापलं जात होतं, त्याच वर्षी मार्चमध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम लढले होते. पुढे 1802च्या अखेरीस वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली. म्हणजे या परंपरेच्या मुळाशी असलेल्या ग्रंथात वसाहतवादावरची टीका पहिल्यापासून आहे. ती नंतरच्या अनेक उदारमतवाद्यांनी सोयीने विसरली, ती गोष्ट पुढे येतेच.

व्यापार आणि युद्धाविषयी लिहिणारा ब्रिटिश लेखक नॉर्मन एंजल याच्याविषयी एवढंच सांगते, की त्याची बदनामी अन्यायाची आहे. 1910च्या सुमारास त्याने लिहिलं की आधुनिक अर्थव्यवस्थेत प्रदेश जिंकून विजेत्याचाही फायदा होत नाही. 1914 साली महायुद्ध पेटलं आणि ‘युद्ध अशक्य आहे म्हणणारा’ म्हणून तो हसण्यावारी गेला. त्याने अशक्य म्हटलंच नव्हतं, निरर्थक म्हटलं होतं, आणि निरर्थक गोष्टीही माणसं करतात हे त्याला ठाऊक होतं. चार वर्षांनी जिंकलेल्या ब्रिटन आणि फ्रान्सची कर्जं पाहिली तर त्याचा हिशेब चुकला असं म्हणवत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे येते. ते जरा सविस्तर सांगते, कारण हा सिद्धान्त कसा चालतो ते इथे जवळून दिसतं.

9 मे 1950 रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमन यांनी पत्रकारांसमोर एक निवेदन वाचलं. मसुदा फ्रान्सचे नियोजनप्रमुख ज्याँ मोने यांचा होता. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचं कोळसा-पोलाद उत्पादन एका सामाईक अधिसत्तेखाली, म्हणजे सरकारांहून स्वतंत्र अशा मंडळाखाली ठेवायचं, म्हणजे या दोन देशांतलं युद्ध नुसतं अकल्पनीय नव्हे तर भौतिकदृष्ट्याच अशक्य होईल, असा त्याचा गाभा. कोळसा आणि पोलादच का? कारण त्या काळात तोफ, रणगाडा, रेल्वे सगळं त्यातूनच बनत होतं. स्वतः शूमन लॉरेनचे. जन्म लक्झेंबर्गचा, तरुणपणी जर्मन नागरिक आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच. त्या सीमेवर माणसं न हलता त्यांचा देश बदलत असे.

पण हे भावनेने घडलं नाही. लॉरेनच्या पोलाद भट्ट्यांना जर्मनीच्या रुर खोऱ्यातला कोक (भट्टीसाठी भाजून तयार केलेला कोळसा) हवा होता. जर्मनीच्या पोलाद उत्पादनावर दोस्त राष्ट्रांनी कमाल मर्यादा घातली होती, ती उठावी म्हणून जर्मनीचा रेटा होता आणि शीतयुद्धामुळे अमेरिकेलाही जर्मनी उभा राहायला हवा होता. मर्यादा आज ना उद्या उठणार हे पॅरिसला दिसत होतं. बॉनमध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांना त्याच दिवशी सकाळी शूमन यांचं पत्र मिळालं आणि त्यांनी लगेच होकार दिला. त्यांचा फायदा उघड होता: रुरवर बसवलेलं परकं नियंत्रण जाऊन त्या जागी असं मंडळ येणार होतं, ज्यात जर्मनी बरोबरीचा सदस्य असणार होता. ब्रिटन बाहेर राहिलं. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी 18 एप्रिल 1951 रोजी पॅरिसचा करार केला आणि जुलै 1952 मध्ये तो अमलात आला.

लक्झेंबर्ग शहरात अधिसत्तेचं कार्यालय उघडलं आणि मोने तिचे पहिले अध्यक्ष झाले. या मंडळाला कोळसा आणि पोलाद उत्पादनावर स्वतःचा कर बसवता येत होता. सदस्य देशांच्या सरकारांपुढे हात पसरायची गरज नव्हती. कंपन्यांना किमती जाहीर कराव्या लागत. खाणी बंद पडल्या तर कामगारांच्या पुनर्वसनासाठी आणि नव्या प्रशिक्षणासाठी पैसा ठेवलेला होता. तक्रार असेल तर न्यायालय होतं. फेब्रुवारी 1953 मध्ये कोळशाची सामाईक बाजारपेठ सुरू झाली, मे महिन्यात पोलादाची. पोलादाची बाजारपेठ उघडण्याच्या आदल्या दिवशी लक्झेंबर्गमधल्या बेलव्हालच्या कारखान्यात पहिला ‘युरोपीय’ पोलादी ठोकळा ओतला गेला, तेव्हा मोने तिथे हजर होते.

कामगारांसाठी ठेवलेल्या त्या पैशापाशी मी वर्गात नेहमी थांबते. एकत्रीकरणाने काही खाणी बंद पडणार हे करार करणाऱ्यांना माहीत होतं. त्या खाणीतला कामगार रस्त्यावर उतरला असता तर सरकारं डळमळली असती. म्हणून ज्याचं नुकसान होणार त्याची सोय करारातच केली. सिद्धान्ताच्या भाषेत सांगायचं तर देशांतर्गत विरोधकाची पसंती बदलायची किंमत आधीच मोजली. भाबड्या माणसाला हे सुचत नाही.

यात अपयशही होतं आणि ते लपवू नये. हीच कल्पना सैन्याला लावायचा प्रयत्न झाला. युरोपीय संरक्षण समुदायाचा करार 1952 मध्ये झाला, पण 30 ऑगस्ट 1954 रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो बासनात टाकला. 1959 साली कोळशाचे साठे पडून राहिले तेव्हा अधिसत्तेने संकट जाहीर करून उत्पादनावर मर्यादा घालायची परवानगी मागितली. सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ती नाकारली.

वास्तववादी इथे म्हणतात, शांतता अमेरिकन सैन्यामुळे आली; कोळसा मंडळ हा वरचा मुलामा. आक्षेप वजनदार आहे. नाटोचं छत्र नसतं तर फ्रान्सला एवढी हिंमत झाली नसती, हे मी मान्य करते. पण तेच छत्र ग्रीस आणि तुर्कस्तानवरही होतं, दोघेही 1952 पासून नाटोत. तरीही 1974 मध्ये सायप्रसवरून ते युद्धाच्या उंबरठ्यावर आले, आणि ग्रीसमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती. छत्र एकच, निकाल वेगळा. सोव्हिएत रशियाने हल्ला का केला नाही हे अमेरिकन फौजांवरून समजतं. फ्रेंच कारखानदार जर्मन कोकवर डोळे मिटून का विसंबला, याचं उत्तर लक्झेंबर्गच्या त्या कार्यालयात शोधावं लागतं.

आता युक्रेन. 2021 साली युरोपीय संघाच्या गॅस आयातीत रशियाचा वाटा सुमारे 45 टक्के होता, जर्मनीच्या बाबतीत निम्म्याहून अधिक. पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांचा गॅस आणि पोलादी नळांचा पहिला मोठा करार 1970 सालचा. व्यापारातून परिवर्तन घडेल, ही जर्मनीतली जुनी श्रद्धा. रशियाचा गॅस समुद्राखालून थेट जर्मनीला नेणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमची पहिली वाहिनी 2011 मध्ये सुरू झाली. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि तरी 2015 मध्ये दुसऱ्या वाहिनीचा करार झाला. ती सप्टेंबर 2021 मध्ये बांधून पूर्ण झाली. 22 फेब्रुवारी 2022 रोजी जर्मनीने तिची मंजुरी रोखली आणि दोन दिवसांनी हल्ला झाला.

‘व्यापाराने शांतता येते’ हे वाक्य पाठ केलेल्याने इथे वही मिटावी. पण फळ्यावरचे दोन प्रश्न लावून बघा. गॅसचा धंदा बुडाला तर रशियात नुकसान कोणाचं? गाझप्रोम या सरकारी मालकीच्या कंपनीचं आणि तिच्या महसुलावर चालणाऱ्या तिजोरीचं. ते नुकसान खरोखर झालंही: 2023 साली गाझप्रोमला 1999 नंतरचा पहिलाच वार्षिक तोटा झाला, 629 अब्ज रूबलचा. पण हा तोटा होणार म्हणून क्रेमलिनला अडवू शकेल असं त्या देशात कोण होतं? कंपनी सरकारची, संसद होयबांची, स्वतंत्र वृत्तपत्रं जवळपास संपलेली. कांटचं पहिलं कलम तिथे नव्हतंच. दुसऱ्या बाजूला जर्मनीत स्वस्त गॅसवर चालणारे रसायन उद्योग होते, घरं उबदार ठेवणारे मतदार होते, आणि या सगळ्यांचा आवाज बर्लिनमध्ये स्पष्ट ऐकू येत होता. पोलंड आणि बाल्टिक देश ओरडून सांगत होते, पण ते जर्मन मतदार नव्हते. जर्मनी इतकी वर्षं का डोळेझाक करत राहिला याचं उत्तर ताकदीच्या हिशेबात शोधू गेलात तर सापडत नाही, उदारमतवादी चौकटीत लगेच सापडतं.

परस्परावलंबन दोन्ही बाजूंना सारखं नसतं, हेही या परंपरेनेच सांगितलं आहे. कोहेन आणि जोसेफ नाय यांनी 1977 मध्येच दाखवलं, की संबंध तुटल्यावर ज्याला पर्याय लवकर सापडतो त्याच्या हातात ताकद येते. अवलंबित्व हेच शस्त्र होऊ शकतं. डेल कोपलँड यांनी पुढची पायरी दाखवली: आज व्यापार किती आहे यापेक्षा उद्या तो राहील असं वाटतं का, हे महत्त्वाचं. 1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद झालं, तेव्हा अमेरिकन तेलावर विसंबलेल्या जपानमध्ये युद्धाची बाजू घेणाऱ्यांचं पारडं जड झालं. अवलंबित्व तेच, पण भविष्याची आशा तुटली की ते शांततेऐवजी युद्धाकडे ढकलतं. अमेरिका-चीन व्यापारयुद्धाकडे मी याच नजरेने बघते, आणि मला काळजी वाटते.

आता दुसरा प्रश्न, संस्थांचा. इथे भिशीचं उदाहरण पुरेसं आहे. भिशीत कोणी कोणावर उपकार करत नाही. पण दर महिन्याला त्याच माणसांना तोंड दाखवायचं असतं, कोणी हप्ता चुकवला ते सगळ्यांना कळतं आणि चुकवणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी घेत नाही. कोहेन यांचं 1984 चं प्रतिपादन याच धर्तीचं आहे. वर कोणी पोलीस नाही, सगळे स्वार्थी आहेत, हे वास्तववाद्यांचं गृहीतक ते जसंच्या तसं स्वीकारतात. फरक एवढाच, की संस्था माहिती पुरवते, फसवणूक उघडी पाडते आणि वारंवार भेटायला लावते. त्यामुळे स्वार्थी माणसालाही शब्द पाळणं परवडतं.

सिंधू करार असाच होता. 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केल्या, जागतिक बँकेनेही केली. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे. दोन्ही देशांच्या आयुक्तांचा स्थायी आयोग नेमला आणि वर्षातून किमान एकदा भेटणं बंधनकारक केलं. नदीवर काही बांधायचं तर आधी कळवायचं. पटलं नाही तर तटस्थ तज्ज्ञ, त्यापुढे लवाद. बगलिहार धरणाचा वाद तटस्थ तज्ज्ञाने 2007 मध्ये निकाली काढला. 1965, 1971 आणि 1999 मध्ये दोन्ही देश एकमेकांशी लढले, करार टिकला. पहलगामच्या हल्ल्यात 26 माणसं मारली गेली आणि दुसऱ्या दिवशी, 23 एप्रिल 2025 रोजी, भारताने तो स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं.

यातून उदारमतवाद हरला असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, 1960 ते 2025 या 65 वर्षांचं काय करायचं? तीन वेळा लढलेल्या शत्रूंनी पाण्याची आकडेवारी एकमेकांना दिली, ती कोणत्या सत्तासंतुलनामुळे? आणि जे उत्साहाने उदारमतवादाची बाजू घेतात त्यांनाही सांगते, की या कराराने पाण्यापलीकडे काहीच बदललं नाही. आयुक्त भेटत राहिले, पण सीमेपलीकडच्या ज्या शेतकऱ्याचं पीक या पाण्यावर उभं राहतं, त्याला रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात कोणी विचारत नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं, पहिल्याचं नव्हतं. माझ्या मते करार इतका टिकला हे त्याच्या रचनेचं यश आहे, आणि अखेर थांबला त्याचं कारण पाकिस्तानच्या सत्तारचनेत आहे.

कारगिलचंही हेच. दोन लोकशाही देश आपसांत लढत नाहीत, या मायकेल डॉइल यांच्या 1983 च्या प्रसिद्ध मांडणीला अपवाद म्हणून कारगिलचं नाव घेतात. फेब्रुवारी 1999 मध्ये लाहोर जाहीरनामा झाला, दोन्हीकडे निवडून आलेले पंतप्रधान होते आणि मे महिन्यात लढाई सुरू झाली. भारताचे 527 जवान शहीद झाले. पण घुसखोरीची योजना पाकिस्तानचे सेनाप्रमुख परवेझ मुशर्रफ आणि मोजक्या सेनाधिकाऱ्यांनी आखली होती. पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांना किती ठाऊक होतं यावर आजही वाद आहे, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच सेनाप्रमुखाने त्यांना पदच्युत केलं. कांटला निवडणूक एवढंच अभिप्रेत नव्हतं. युद्धाचा निर्णय कोणाच्या हाती, हा त्याचा मुद्दा होता. उत्तरपत्रिकेत ‘कारगिलने सिद्धान्त खोटा ठरवला’ असं लिहिलंत तर परीक्षक कदाचित गुण देईल, पण वाक्य उथळ आहे.

आता आपल्या उसाकडे येते. माझ्या वर्गात कोल्हापूर-सांगलीकडची मुलं असतात, आणि जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत लागलेल्या निकालाचा आपल्या काट्यावरच्या उसाशी संबंध आहे हे कळलं की ती सावरून बसतात.

2019 साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. मुद्दे दोन: उसाला दिली जाणारी एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) आणि साखर निर्यातीची अनुदानं. विकसनशील देशाला अशी शेतीमदत उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत देता येते. भारताचं म्हणणं असं, की एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतो. मग ती सरकारी मदत कशी? तंटा समितीने 14 डिसेंबर 2021 रोजी हे फेटाळलं. पैसा कोणाच्याही खिशातून जावो, किमान भाव सरकार ठरवतं म्हणजे तो आधारच, आणि 2014-15 ते 2018-19 हे पाचही हंगाम मर्यादा ओलांडली गेली, असा निकाल दिला. भारताने त्याविरुद्ध अपील केलं. पण अपील ऐकायला मंडळच नव्हतं. सात सदस्यांच्या त्या मंडळावर नव्या नेमणुका होऊ द्यायच्या नाहीत असं अमेरिकेने ठरवलं होतं, आणि डिसेंबर 2019 पासून गणसंख्या भरत नव्हती. ऐकायला कोणी नाही म्हणून अपील पडून आहे, आणि अपील पडून आहे म्हणून निकाल लागू होत नाही. एफआरपी चालू आहे.

या एका प्रकरणात सिद्धान्ताचे तिन्ही मजले दिसतात: गटांच्या पसंती, राज्याची भूमिका आणि राज्याराज्यांतला व्यवहार. भारताची जिनिव्हातली भूमिका दिल्लीतल्या एखाद्या रणनीतिकाराने नकाशा बघून ठरवलेली नाही. ती साखर कारखाने, ऊस उत्पादक आणि त्यांच्या मतांवर निवडून येणारे आमदार-खासदार यांच्या दबावातून घडली आहे. पुढे 2021-22 मध्ये 100 लाख टनांहून अधिक साखर निर्यात करणाऱ्या याच देशाने देशातले भाव वाढतील म्हणून निर्यातीला वेसण घातली आणि 2023-24 च्या हंगामात ती बंदच ठेवली, तेव्हा ग्राहकाचा आवाज उत्पादकापेक्षा वरचढ ठरला. कांद्याच्या निर्यातबंदीत नाशिककरांनी हेच अनुभवलं. ‘भारताचं राष्ट्रहित’ दोन वर्षांत उलटलं, पण भारताची ताकद तेवढीच होती आणि शेजारीही तेच होते. हे वास्तववाद समजावून देऊ शकत नाही.

नियम किती खरे असतात, तेही इथेच कळतं. हे अपिलीय मंडळ चालू होतं तेव्हा काय होत असे याचं एक उदाहरण मला फार आवडतं. समुद्री कासवांना वाचवणारं साधन जाळ्याला लावलं नाही म्हणून अमेरिकेने काही देशांची कोळंबी अडवली. त्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड यांनी मिळून तक्रार केली. समितीचा त्यांच्या बाजूचा अहवाल आला मे 1998 मध्ये, म्हणजे पोखरणच्या चाचण्यांनंतर काही दिवसांत आणि पाकिस्तानच्या चाचण्यांच्या थोडं आधी. त्याच महिन्यात दोघे अणुबॉम्बची तयारी दाखवत होते आणि जिनिव्हात एकाच बाकावर बसून जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाविरुद्ध कोळंबीचा खटला लढत होते. अपिलात तर्क काहीसा बदलला, पण अमेरिकेला आपला नियम राबवण्याची पद्धत सुधारावी लागलीच. बलाढ्य देशाला पत्करावी लागलेली ही अडचणच पुढे त्या मंडळाच्या जिवावर उठली. म्हणून उसाच्या प्रकरणात मंडळ नसल्याचा फायदा आपल्याला झाला याचा मला आनंद वाटत नाही. एफआरपी टिकली हे शेतकऱ्यासाठी बरंच झालं, पण उद्या कोणी आपल्या द्राक्षांवर किंवा औषधांवर मनमानी निर्बंध घातले तर आपल्याही अपिलाला तेच रिकामं दालन आहे.

सिद्धान्तावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वास्तववाद्यांचा नाही, तो आपला आहे. जॉन स्टुअर्ट मिल 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयात नोकरीला होता. व्यक्तिस्वातंत्र्याचा हा थोर पुरस्कर्ता 1859 साली हस्तक्षेपाविषयी लिहिताना सांगतो, की सुसंस्कृत राष्ट्रांमधले नियम ‘रानटी’ लोकांना लागू होत नाहीत. कांटने केलेली टीका इथे पुसून टाकलेली दिसते. 2003 साली अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा लोकशाही आणण्याचीही भाषा होती. स्वतः डॉइल यांनी 1983 मध्येच बजावलं होतं, की उदारमतवादी देश एकमेकांशी शांततेने राहतात, पण इतरांशी वागताना धर्मयुद्धाच्या आवेशात जातात. लोकशाही शांततेवर टीप लिहिताना विद्यार्थी हा दुसरा भाग सोडून देतात. तो सोडू नका. सिद्धान्ताची धार तिथेच आहे. नुकसान कोणाचं हा प्रश्न तुम्ही फक्त आपल्या देशातल्या माणसांपुरता विचारला तर बगदादचा रहिवासी त्या हिशेबात येतच नाही. ही उणीव भरून काढायला मला तरी कांटच्या तिसऱ्या कलमाकडेच परत जावं लागतं.

वाचायचं तर आधी कांटचा निबंध मुळातून वाचा. छोटा आहे, इंग्रजीत सहज मिळतो. मग मोराव्हचिक यांचा 1997 चा लेख आणि त्यानंतर कोहेन. वास्तववाद्यांपैकी जॉन मिअरशायमर यांची संस्थांवरची टीका कोहेनच्या जोडीनेच वाचावी, म्हणजे दोघे नेमके कुठे भिडतात ते कळतं. आणि उत्तरपत्रिकेत विचारवंतांची यादी देण्याऐवजी एक प्रकरण घ्या, त्यात नुकसान कोणाचं होतं आणि ऐकलं कोणाचं गेलं ते शोधून लिहा. ऊस घेतलात तरी चालेल. तंटा समितीचा अहवाल संघटनेच्या संकेतस्थळावर खुला आहे आणि भारताचा युक्तिवाद त्यात सविस्तर दिलेला आहे.